इसेकाई कथांमधली पात्रं कशी वाढतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसेकाईवर लिहायला लागल्यापासून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: हे पात्र खरंच बदललं, की फक्त ताकदवान झालं? ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जवळपास प्रत्येक उत्तरात स्पॉयलर आहेत. 'री:झीरो', 'मुशोकू तेनसेई', 'ट्वेल्व्ह किंगडम्स' किंवा 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' अजून पाहायचं असेल, तर त्या त्या मालिकेचे प्रश्न तूर्त गाळा.

१. इसेकाई म्हणजे नेमकं काय?

आपल्या जगातला माणूस दुसऱ्याच जगात जाऊन पडतो, अशी जपानी कथा. कधी तो जिवंतपणी ओढला जातो, कधी इथे मरून तिथे जन्म घेतो. दुसऱ्या प्रकारात मागच्या जन्माची आठवण शाबूत असते, म्हणजे नायक जातिस्मर असतो. आज दिसणाऱ्या इसेकाईंपैकी पुष्कळ कथा 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी संकेतस्थळावर सुरू झाल्या. ते २००४ पासून चालू आहे आणि तिथे कोणीही आपली कादंबरी हप्त्याहप्त्यानं टाकू शकतं. 'री:झीरो' आणि 'मुशोकू तेनसेई' या दोन्ही तिथे २०१२ मध्ये सुरू झाल्या. इसेकाई मात्र त्याहून बरीच जुनी आहे. फुयुमी ओनो यांची 'ट्वेल्व्ह किंगडम्स' मालिकेतली योकोची कादंबरी १९९२ ची.

२. व्हिडिओ गेमसारखी नायकाची लेव्हल वाढली, नवीन स्किल मिळालं. म्हणजे पात्राची वाढ झालीच ना?

नाही. बळ वाढणं वेगळं आणि माणूस वाढणं वेगळं. दोन्ही एकत्र होऊ शकतं, पण एकामुळे दुसरं आपोआप होत नाही.

मी एकच कसोटी लावते. आधी ज्या प्रसंगात हे पात्र चुकलं होतं, तसाच प्रसंग पुन्हा आला तेव्हा ते वेगळं वागलं का? आणि तसं वागताना त्याला काही सोडावं लागलं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर वाढ झाली. नव्या तलवारीनं मोठा राक्षस मारला, एवढंच घडलं असेल तर वाढली ती तलवार.

हप्त्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये बळाची वाढ जास्त का दिसते, याला साधं कारण आहे. दर हप्त्यात वाचकाला काहीतरी द्यावं लागतं आणि आकडा वाढवणं सगळ्यात सोपं असतं. स्वभाव दर हप्त्याला बदलत नाही. पण त्याच पद्धतीत लेखकाला शेकडो प्रकरणांची ऐसपैस जागाही मिळते. ज्यांनी ती जागा स्वभावासाठी वापरली, त्यांच्या कथांबद्दल पुढे विस्तारानं लिहिलं आहे.

३. मग वाढीचे प्रकार किती मानायचे?

पक्की यादी करण्यात अर्थ नाही, कारण एकच पात्र दोन-तीन वाटांनी जातं. ढोबळपणे सांगायचं तर काही पात्रं मोडून पुन्हा उभी राहतात ('री:झीरो'चा सुबारू, 'ट्वेल्व्ह किंगडम्स'ची योको). काही जुन्या आयुष्याचं देणं नव्या आयुष्यात फेडतात ('मुशोकू तेनसेई'चा रुडियस). काहींचं जगाशी नातं जुळत जातं ('असेंडन्स ऑफ अ बुकवर्म'ची माइन). काही स्वतः तशीच राहून आजूबाजूची माणसं बदलतात ('माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलनेस'ची काटारिना). आणि काही हळूहळू माणूसपण गमावतात ('ओव्हरलॉर्ड'चा आइन्झ). या सगळ्यांना एकाच मोजपट्टीनं मोजायला गेलात तर निम्म्या कथा विनाकारण फसलेल्या वाटतील.

४. 'री:झीरो'चा तेरावा एपिसोड पाहून सुबारूचा इतका राग आला की पुढे बघवेना. तो सुधारतो का?

सुधारतो. आणि तुम्हाला राग यावा असाच तो एपिसोड लिहिलेला आहे.

राजनिवडीच्या दरबारात सुबारू स्वतःला एमिलियाचा, म्हणजे त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या उमेदवाराचा, शूरवीर म्हणवतो, खऱ्या शूरवीरांचा अपमान करतो आणि त्यांच्यातल्याच ज्युलियसकडून सगळ्यांदेखत मार खातो. खरी जखम मात्र त्यानंतरच्या बोलण्यात आहे. एमिलिया विचारते, हे सगळं कशासाठी केलंस? तिच्यासाठी आपण किती सोसलं आणि तिनं त्याची जाणीव कशी ठेवली पाहिजे, हे तो तिला ऐकवतो. म्हणजे मदत करता करता त्यानं मनात हिशोब मांडून ठेवला होता. इसेकाईचा नायक एरवी ज्या गोष्टी हक्काच्या समजतो, नायिका, मान, कौतुक, त्या या कथेनं त्याच्याकडून काढून घेतल्या आणि मागण्याची ती वृत्ती किती कुरूप आहे ते दाखवलं.

पुढे काय होतं ते पाहा. पांढरा देवमासा नावाच्या महाकाय राक्षसाच्या शिकारीसाठी तो पुन्हा त्याच मोठ्या माणसांसमोर जातो. या वेळी बढाई नाही. हातात काय आहे, समोरच्याला काय हवं आहे, याचा विचार करून तो राजपदाची दुसरी उमेदवार क्रुश हिच्याशी बोलणी करतो. ज्युलियसची माफी मागतो. माणसं तीच, सुबारूची शक्तीही तेवढीच, वागणं मात्र वेगळं. प्रश्न २ मधली कसोटी इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे पार होते.

५. पण सुबारू मेला की काळात मागे जाऊन पुन्हा जिवंत होतो. इतक्या वेळा अनुभव घेतला की कोणीही शहाणा होईल. त्यात विशेष काय?

मरणातून त्याला माहिती मिळते, शहाणपण नाही. पहिल्या सीझनच्या मधल्या भागात तो अनेकदा मरतो आणि प्रत्येक वेळी आणखी हट्टी, आणखी द्वेषानं भरलेला होतो. पुढचं माहीत असूनही कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, कारण त्याला ते कसं माहीत हे सांगताच येत नाही. सांगू लागला की शापासारखा एका चेटकिणीचा अदृश्य हात काळीज आवळतो. त्यामुळे अनुभवाचा साठा वाढतो आणि त्याबरोबर एकटेपणही.

वळण येतं अठराव्या एपिसोडमध्ये, आणि ते मरणातून येत नाही. तो राहतो त्या वाड्यातली दासी रेम हिला सुबारू म्हणतो, सगळं सोडून माझ्याबरोबर पळून चल. रेमचं त्याच्यावर प्रेम आहे, तरी ती नकार देते. तो स्वतःबद्दल जे जे वाईट बोलतो ते ती ऐकून घेते आणि मग तिला दिसलेला सुबारू त्याला सांगते. आपल्याला इतकं ओळखणाऱ्या माणसानं आपल्या पळपुटेपणाला दिलेला नकार, यातून तो उभा राहतो. कित्येक वेळा मरून जे जमलं नाही, ते एका संभाषणानं जमलं. संपूर्ण इसेकाईत मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो.

६. सुबारू आणि रुडियस दोघेही आधीच्या आयुष्यात घरकोंबडेच. मग दोघांच्या वाढीत फरक काय?

वेळेचा आणि दिशेचा.

सुबारू शाळा टाळून घरी बसलेला मुलगा आहे. त्याची वाढ काही दिवसांच्या आत, तेच दिवस पुन्हा पुन्हा जगत होते. रुडियस मागच्या जन्मी चौतिसाव्या वर्षी मेला. शाळेत झालेल्या छळानंतर त्यानं खोलीबाहेरचं जगच सोडलं होतं, आईवडिलांच्या अंत्यविधीलाही तो गेला नव्हता. नव्या जन्मात त्याच्यापुढे अख्खं आयुष्य आहे, आणि 'मुशोकू तेनसेई' ते बाळपणापासून सावकाश दाखवते. लेखक रिफुजिन ना मागोनोते यांची मूळ जालकथा २०१२ ते २०१५ चालली. हा सावकाशपणा त्या लांबीमुळेच शक्य झाला.

रुडियसच्या बाबतीत तोच प्रसंग लगेच परत येत नाही. वर्षं जातात आणि तो दुसऱ्या रूपात समोर उभा राहतो. लहानपणी अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायची त्याला धास्ती असते. त्याची जादूची शिक्षिका रॉक्सी त्याला घोड्यावर बसवून बाहेर नेते आणि काहीच वाईट घडत नाही. मागच्या जन्मी तो आईवडिलांसाठी उठलाही नव्हता. या जन्मी हितोगामी, म्हणजे स्वप्नात येऊन सल्ले देणारा एक देव, 'गेलास तर पस्तावशील' असं बजावतो, तरी तो आईला सोडवायला चक्रव्यूहात उतरतो. त्यात वडील जातात आणि त्याचा डावा हात तुटतो. भाकीत एका अर्थानं खरं ठरतं, तरीही न जाणं हा पर्याय त्यानं निवडला नाही.

मला याहून जवळचा वाटतो तो बहिणीचा, नॉर्नचा प्रसंग. ती विद्यापीठाच्या वसतिगृहात खोलीत कोंडून घेते. रुडियस एकेकाळी दाराच्या आतल्या बाजूला होता, आता बाहेरच्या बाजूला आहे. आतल्या माणसाला काय वाटत असतं हे ठाऊक असल्यामुळेच त्याला काय बोलावं ते सुचत नाही. तो नुसता जवळ बसतो. जादूची कुठलीही पातळी इथे कामाला येत नाही.

७. रुडियसच्या चाळ्यांमुळे मी मालिका सोडली. त्याला 'सुधारलेला' म्हणणं चुकीचं नाही का?

तुमचा आक्षेप रास्त आहे. प्रौढ मन असलेलं हे पात्र मुलींकडे आणि बायकांकडे ज्या नजरेनं पाहतं, जे करतं, ते किळसवाणं आहे. पुष्कळदा कथा ते हशावारी नेते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: पात्राचा दोष आणि कथेचा दोष. रुडियसमध्ये दोष असणं कथेला आवश्यकच आहे, त्याशिवाय वाढ कशातून होणार? भित्रेपणा, आत्मकेंद्रीपणा, वडिलांना समजून न घेणं, या दोषांकडे कथा डोळे उघडे ठेवून पाहते. मिलिशिऑन शहरात वडिलांशी, पॉलशी, त्याची मारामारी होते. एका जादुई आपत्तीत हजारो माणसं बेपत्ता असताना आपण प्रवासाची मजा घेत होतो, हे तिथे त्याच्या लक्षात येतं. आपल्या दोन जन्मांची वर्षं मिळवली तर हा बाप आपल्याहून लहान आहे, हेही. हा हिशोब चोख आहे. लैंगिक वागण्याचा हिशोब मात्र कथा तितक्या कठोरपणे करत नाही. त्या बाजूनं ती पात्राला सोडून देते, आणि तिथे मला लेखकाचं समर्थन करता येत नाही.

तेव्हा रुडियस काही बाबतींत खरोखर वाढतो आणि एका बाबतीत कथा त्याला पुरेसं जाब विचारत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यासाठी कोणी मालिका सोडली तर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

८. मोडून पुन्हा उभी राहणारी, पण नायिका असलेली इसेकाई सुचवाल का?

'ट्वेल्व्ह किंगडम्स'. एनएचके या जपानी वाहिनीवर २००२-०३ मध्ये तिचे ४५ एपिसोड दाखवले गेले. आजच्या इसेकाईची चटक लागलेल्यांना सुरुवात संथ वाटेल, थोडा धीर धरा.

योको नाकाजिमा ही सगळ्यांच्या मनासारखं वागणारी मुलगी. आईवडील, शिक्षक, मैत्रिणी, कोणालाच दुखवायचं नाही, म्हणून स्वतःचं मत नाही. दुसऱ्या जगात आल्यावर माणसं तिला फसवतात. जिनं आसरा दिला तीच विकायला निघते, आपल्याच देशातून आलेला म्हातारा चोरी करून पळतो. योको विश्वास ठेवणं सोडते. इथवर पुष्कळ कथा येतात आणि अशा कठोर नायकालाच 'परिपक्व' म्हणून मोकळ्या होतात.

ओनो थांबत नाहीत. राकुशुन नावाचा उंदराच्या रूपातला अर्धपशू तिला वाचवतो. वाटेत राक्षसांचा हल्ला होतो, राकुशुन जखमी होऊन पडतो, आणि योकोच्या मनात येतं की हा आपल्याला शोधणाऱ्या शिपायांना आपला पत्ता सांगेल, परत जाऊन याला संपवावं का? स्वतःच्या या विचाराची तिला भीती वाटते. तिथून ती उलट दिशेनं चालू लागते. लोकांनी मला फसवलं हे त्यांचं वागणं. मी कशी वागायची ते माझ्याकडे आहे. तिला आतून पोखरणाऱ्या निळ्या माकडाला ती तिथे मारते. आधीचा चांगुलपणा भीतीतून आलेला होता, नंतरचा निवडलेला आहे. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घाईनं पाहणाऱ्याला योको 'पुन्हा पहिल्यासारखी झाली' असं वाटू शकतं.

९. 'ट्वेल्व्ह किंगडम्स'मध्ये सुझू आणि शोकेईला एवढी जागा का दिली आहे? मुख्य कथा अडून राहते.

माझ्या मते तीच मुख्य कथा आहे. तीन मुली, तिघींचं दुःख खरं, आणि दुःखाचं काय करायचं याची तीन उत्तरं.

सुझू मेइजी काळातल्या जपानमधून वाहून आलेली, म्हणजे तिचीही इसेकाईच. एका छळवादी मालकिणीकडे तिनं जवळपास शंभर वर्षं चाकरी केली. अमरत्व मिळालं, वय वाढलं नाही, आणि मनही वाढलं नाही. आपल्याइतकं दुःखी कोणी नाही, या एका विचारात ती शतकभर थांबून राहिली. शोकेई राजकन्या. तिच्या बापानं प्रजेला चिरडलं आणि बंडात तो मारला गेला. मला काहीच माहीत नव्हतं, हे ती निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून सांगत राहते. योको पुढे एका राज्याची राणी होते, आणि शोकेई तिचा हेवा करते.

सुझूला जागं करतो सेइश्यू नावाचा आजारी मुलगा. तू स्वतःची कीव करत बसतेस, असं तो तिला तोंडावर सांगतो. पुढे एका जुलमी अधिकाऱ्याच्या गाडीखाली तो मरतो, तेव्हा सुझू पहिल्यांदा दुसऱ्या कोणासाठी रडते. शोकेईला राकुशुन समजावतो की राजकन्येनं माहीत करून घ्यायला हवं होतं, न कळणं हाच तिचा अपराध. आणि योको? राणी झाल्यावर आपल्याला या देशातलं काही कळत नाही हे ओळखून ती महाल सोडते आणि सामान्य माणसांत राहायला जाते. शोकेईनं जे करायला हवं होतं तेच योको करते. हे लेखिकेनं कुठेही बोलून दाखवलेलं नाही, दोन कथा शेजारी ठेवल्या एवढंच.

१०. काटारिना किंवा 'दॅट टाइम आय गॉट रिइनकार्नेटेड ॲज अ स्लाइम'चा रिमुरू फारसे बदलतच नाहीत. मग या कथा फसलेल्या म्हणायच्या का?

नाही. काटारिनाच्या कथेत बदल इतरांमध्ये होतो. ती एका गेममधली खलनायिका म्हणून जन्मते. गेममधला आपला वाईट शेवट टाळायला ती शेती करते, सगळ्यांशी मनापासून मैत्री करते आणि एकेक एकाकी मुलगा-मुलगी तिच्याभोवती फुलत जाते. ती स्वतः बदलली तर गंमतच जाईल. 'कोनोसुबा'च्या काझुमालाही हेच लागू: विनोदी पात्रानं पुन्हा त्याच खड्ड्यात पडावं लागतं.

रिमुरूचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. बराच काळ तो समंजस आणि शांत असतो. मग त्यानं वसवलेल्या राक्षसांच्या नगरावर माणसांचा हल्ला होतो, त्याची जवळची सहकारी शिऑन मारली जाते. माणसांना इजा करू नका हा नियम आपणच घातला होता आणि त्याची किंमत आपल्या लोकांनी दिली, हे त्याला कळतं. त्यानंतर तो चाल करून आलेली सेना संपवतो. इथे खऱ्या वाढीची, नाहीतर खऱ्या ऱ्हासाची शक्यता होती. पण मेलेले परत जिवंत होतात. किंमत परत मिळाल्यामुळे रिमुरूला त्या निर्णयाबरोबर जगावं लागलं नाही, आणि मला ही संधी हुकल्यासारखी वाटते. मालिका आवडते, तरीही.

११. माइनला तर फक्त पुस्तकं हवी असतात. ती स्वार्थी नाही का?

सुरुवातीला आहेच. पुस्तकवेडी तरुणी मरून एका आजारी, गरीब मुलीच्या देहात येते, आणि त्या घरातली घाण, थंडी, माणसं, सगळंच तिला पुस्तकाच्या आड येणारं वाटतं. गवत विणून बघते, मातीच्या पाट्या करते त्या भाजताना फुटतात, लाकडाच्या पट्ट्या करते त्या आई सरपण समजून जाळते. लेखिका मिया काझुकी यांनी अपयशांची ही मालिका फार नेटकी लावली आहे, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात माइनला कोणाची तरी मदत घ्यावी लागते. पुस्तक एकटीनं होत नाही. झाडाची साल सोलायला शेजारचा मित्र लुट्झ लागतो, विकायला व्यापारी बेनो लागतो.

मग लुट्झला कळतं की ही आपली माइन नाही, आणि तो तिला जाब विचारतो. तुला मी नको असेन तर मी नाहीशी होते, असं ती म्हणते आणि निर्णय त्याच्यावर सोडते. जातिस्मर नायकांच्या कथांमध्ये मूळ मुलाचं काय झालं हा प्रश्न सहसा झाकून ठेवतात. इथे तो उघडा पडतो आणि नातं त्यानंतर खरं होतं. पुढे घरच्यांना वाचवण्यासाठी ती त्यांना 'आई', 'बाबा' म्हणण्याचा हक्क करारावर सही करून सोडते. पुस्तकापायी कुटुंब परकं मानणारी मुलगी इथवर पोचते, आणि पुस्तकांचं वेड तेवढंच राहतं. वाढीसाठी आवड मरावी लागत नाही.

१२. 'ओव्हरलॉर्ड'चा आइन्झ दिवसेंदिवस क्रूर होतो. याला वाढ कशी म्हणणार?

वाढ म्हणू नका, पण पात्राचा प्रवास नक्की म्हणा. तो गेममधल्या सांगाड्याच्या रूपात अडकलेला नोकरदार आहे, आणि त्या अस्थिदेहात भावना ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दाबली जाते. त्यामुळे आतला नोकरदार माणूस, मित्रांच्या आठवणीत रमणारा, पूर्ण मरत नाही. फक्त परक्यांचं दुःख त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या लोकांवरची माया आणि इतरांची कत्तल एकाच मनात सुखानं नांदतात. प्रश्न २ मधली कसोटी उलटी लावून पाहा: तसाच प्रसंग परत येतो आणि प्रत्येक वेळी त्याला आधीपेक्षा कमी अडखळायला होतं.

१३. घरी परत जाणं आणि तिथेच राहणं, याचा वाढीशी काय संबंध?

जुन्या कथांमध्ये मुलं बहुधा परत येत, आणि परतल्यावर घर कसं दिसतं यावरून बदल कळत असे. नायक मरूनच तिकडे जाणार असेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून लेखकाला घर तिकडे न्यावं लागतं. 'री:झीरो'च्या दुसऱ्या सीझनमध्ये एका जादुई परीक्षेच्या निमित्तानं सुबारूला आईवडील भेटतात. वडिलांसारखं होता येत नाही या ओझ्याखाली आपण दबलो होतो, हे तो बोलून टाकतो, क्षमा मागतो आणि निरोप घेतो. योको यात वेगळी: तिच्यापुढे परतीचा प्रश्न खरोखर उभा राहतो आणि ती राहण्याची निवड करते.

१४. ॲनिमे पाहिला तर पुरेसं आहे, की कादंबरी वाचायलाच हवी?

रुडियस आणि माइनसाठी वाचा, दोघांची बरीच वाढ मनातल्या मनात होते. योकोबाबत एक फरक लक्षात ठेवा. ॲनिमेत तिच्याबरोबर दोन वर्गसोबती येतात, कादंबरीत ती एकटीच असते. प्रश्न ८ मधलं एकाकीपण कादंबरीत जास्त बोचतं.

१५. एकदा सुधारलेलं पात्र पुन्हा चुकलं तर आधीची वाढ वाया गेली का?

चूक जुनीच आहे की नवी, ते आधी पाहा. दुसऱ्या सीझनमधला सुबारू पुन्हा कोसळतो, पण दरबारातल्या त्या बढाईकडे तो परत जात नाही. दुसऱ्यांसाठी झिजायचं हे तो शिकलेला असतो आणि आता त्याचा अतिरेक करतो. आपला जीव हे खर्चायचं नाणं आहे, बाकी सगळे वाचले की झालं, असं तो धरून चालतो. पहिल्या सीझनमध्ये जो गुण झाला तोच इथे दोष होतो. ते त्याच्या लक्षात आणून देतो त्याचा व्यापारी मित्र ओट्टो, एक ठोसा मारून: मित्र आहे ना मी, मग मला सांग. रेमनं त्याला पळू दिलं नव्हतं, ओट्टो त्याला एकट्यानं मरू देत नाही.